एका पायावर उभं राहून चेंडू झेला: तोल, डोळे आणि हात

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर.

आधी एक प्रयोग करा. हातभर अंतरावर बोट धरा आणि ते भराभर डावीउजवीकडे हलवा. पुसट दिसतं ना? आता बोट स्थिर ठेवा आणि तेवढ्याच वेगाने मान हलवा. बोट स्पष्ट दिसतं! कारण मान हलली की आतल्या कानाला ते कळतं आणि डोळे सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात उलट दिशेला वळतात. नुसत्या नजरेने पाठलाग करायला सुमारे दहापट वेळ लागतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, मोबाइलचा जायरोस्कोप व्हिडिओ स्थिर करतो, तसंच हे.

तोलासाठी मेंदू तीन ठिकाणची माहिती जुळवतो: डोळे, आतला कान आणि पायांचे स्नायू-सांधे. खेळताना डोळे चेंडूत गुंतलेले असतात, त्यामुळे बाकी दोघांवर भार येतो. सराव त्यासाठीच.

आपल्याकडचं उत्तम उदाहरण म्हणजे मल्लखांब. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे (पद्मश्री, 2024) यांनी दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकवला. डोळ्यांचं काम स्पर्श आणि स्नायू किती उचलू शकतात, ते इथे दिसतं.

आता व्यायाम. टेनिसचा चेंडू पुरे.

1. अंगठ्यावर नजर रोखून मान डावीउजवीकडे हलवा, 20-30 सेकंद.
2. एका पायावर उभे राहून चेंडू भिंतीवर मारा, आलटून पालटून एकेका हाताने झेला. मग पाय बदला.
3. हेच भुईगावच्या किनाऱ्यावर, वाळूत जोडीदारासोबत करा. पायाखालची वाळू सरकते, त्यामुळे पायांकडून येणारी माहिती गडबडते आणि व्यायाम आपोआप अवघड होतो.

क्रम चुकवू नका: आधी दोन पाय, मग एक, मग चेंडू, शेवटी वाळू.

याने काय मिळतं? तोलाच्या नियमित सरावाने घोटा मुरगळण्याचं प्रमाण घटतं, हे अभ्यासांत दिसलंय. पण भिंतीवरचे झेल जमले म्हणजे मॅचमधला कॅच जमेलच असं नाही; शरीर ज्याचा सराव करतं, तेच मुख्यतः शिकतं. म्हणून हळूहळू आपल्या खेळातल्या हालचाली यात आणा. कबड्डीवाल्यांनी चढाईचा पवित्रा घ्या, क्रिकेटवाल्यांनी पळत येऊन झेला.

चक्कर आली तर थांबा. वारंवार येत असेल तर व्यायाम सोडून डॉक्टरांकडे जा.

करून बघा आणि किती झेल जमले ते कळवा. भेटू पुढच्या भागात!