शाळेची भाषा, घरची भाषा (लेखांक ५) : वाचनाच्या तासाला बोलते कोण?

मागच्या लेखांकात बोलीच्या अंतराचा विचार केला. पनवेल तालुक्यात मालडुंगे-धोदाणीकडच्या वाड्यांवरून शाळेत येणाऱ्या ठाकूर-कातकरी मुलांची घरची बोली पाठ्यपुस्तकातल्या मराठीहून वेगळी असते, हे खरेच. पण वाचनाच्या तासाला यातली कितीतरी मुले गप्प राहतात, त्याचे सगळे कारण बोलीत शोधणे अपुरे आहे. आपला वाचनपाठ कसा चालतो ते पाहा. शिक्षक प्रश्न विचारतात, बोटे वर होतात, एकाचे नाव घेतले जाते आणि उत्तर चूक की बरोबर याचा निकाल तिथल्या तिथे लागतो. ज्याला शाळेत चालणारे वाक्य चटकन जुळवता येते, त्यालाच इथे बोलायला मिळते. बाकीच्यांना आपण लाजाळू ठरवून मोकळे होतो.

हवाई बेटांवरच्या मूळ रहिवाशांच्या मुलांनाही शाळा असेच गप्प समजत असे. कॅथरिन औ आणि जाना मेसन यांनी तिथल्या लहान मुलांच्या एकाच गटाला दोन शिक्षिकांनी दिलेले वाचनपाठ ताडून पाहिले आणि १९८१ मध्ये निष्कर्ष मांडले. एकीने पाळीपाळीने बोलण्याचा नियम धरून ठेवला. दुसरीने विषय आपल्या हाती ठेवला. कोणी, केव्हा बोलायचे ते मात्र मुलांवर सोडले. मुले घरी गोष्टी सांगतात तशी एकमेकांच्या वाक्यात वाक्य मिसळून बोलू लागली आणि या पाठांत त्यांची उत्तरे अधिक नेमकी, मजकुराला अधिक धरून आली. मुले तीच होती. बदलली होती ती शिक्षिकेची रीत, आणि रीत प्रशिक्षणाने शिकवता येते.

हवाईची कृती पनवेलला जशीच्या तशी चालेल, असे म्हणणे चुकीचे ठरेल. घ्यायची ती निरीक्षणाची पद्धत. वाडीवरची मुले आपसात गोष्ट कशी सांगतात, मोठ्यांना प्रश्न विचारतात का, हे शिक्षकाने आधी पाहायला हवे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर हेच केले. मुले गुरे राखायला जात तिथे त्यांची कुरणशाळा गेली.

पहिलीपासून चौथीपर्यंत दोनच शिक्षक असतील तर हे जमायचे कसे, हा आक्षेप रास्त आहे. पण अनेक इयत्ता एकत्र बसतात तिथे एकेकाला उभे करून वाचायला लावण्यातच सर्वांत जास्त वेळ जातो. बाकीची मुले तोवर नुसती बसून राहतात. कोणाला किती वाचता येते ते आठवड्यातून एकदा वेगळे बसवून तपासता येईल. दुसरा आक्षेप प्रमाण मराठीचा. ती यायलाच हवी, यात तडजोड नाही. मात्र गोष्टीवर बोलायलाच न मिळालेले मूल तिच्यापर्यंत पोहोचणार कोणत्या वाटेने?

जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था पनवेललाच आहे, ही मोठी सोय आहे. राज्याकडून जिल्ह्याला, तिथून तालुक्याला आणि केंद्राला उतरत येणारे प्रशिक्षण शिक्षकाच्या हाती पडते तेव्हा बहुधा भाषण होऊन बसते. त्याऐवजी केंद्राच्या शिक्षण परिषदेत एका शिक्षकाच्या वाचनपाठाचे चित्रीकरण सर्वांनी मिळून पाहावे. कोण किती वेळा बोलले, प्रश्नानंतर शिक्षक किती थांबले, एवढेच मोजावे. मेरी बड रो यांना १९७० च्या दशकात आढळले होते की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात. महिन्याभराने त्याच वर्गात पुन्हा चित्रीकरण करून तेच आकडे शेजारी ठेवावेत.