घरची मोजणी आणि शाळेतील अंक : जोयडा तालुक्याच्या संदर्भात

लहान मुलांच्या वाचन-गणिताचा पाया घरी घातला जावा, याविषयी दुमत नाही. मात्र घराची व शाळेची भाषा वेगळी असेल तेथे पालकांनी काय करावे, हा प्रश्न उरतोच. उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा, म्हणजेच पूर्वीचा सुपा तालुका, या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

हा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. आज राज्यभाषा कन्नड असली तरी कुणबी व सिद्दी घरांत कोकणी, गवळीवाड्यांवर मराठी वळणाची बोली आणि अनेक मुस्लिम घरांत दख्खनी उर्दू बोलली जाते. ज्यांना कन्नड लिहिता येत नाही असे पालक 'आपण काय शिकवणार?' म्हणून मागे राहतात. हा समज दूर होणे अगत्याचे आहे.

प्रथम गणित पाहू. २५ ही संख्या मराठीत 'पंचवीस', उर्दूत 'पच्चीस'. दोन्हींत पाच आधी ऐकू येतात, वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी येतो. त्यामुळे मूल ५२ लिहिते. २९ ला 'एकोणतीस' किंवा 'उनतीस' म्हणताना तर नावात तीस आणि कागदावर दोन! कन्नडमध्ये 'इप्पत्तु' म्हणजे वीस, 'ऐदु' म्हणजे पाच. म्हणून २५ ला 'इप्पत्तैदु'. बोलण्याचा व लिहिण्याचा क्रम एकच. महाराष्ट्रात २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशा वाचनाचा पर्याय दिला गेला व त्यावर मोठा वाद झाला, त्यामागे हीच अडचण होती.

मकतबात कायदा वाचणाऱ्या मुलाची नजर उजवीकडून डावीकडे सरावते. उर्दूतही अंक मात्र डावीकडूनच लिहितात, हे त्याला कोणीतरी स्पष्ट सांगावे लागते.

यावर घरगुती उपाय सोपा आहे. चिंचोके किंवा काजूच्या बिया घेऊन दहा-दहाचे ढीग करावेत. दोन ढीग आणि सुटे पाच मांडले की मुलाने आधी 'दोन दहा आणि पाच' म्हणावे, मग 'पंचवीस' किंवा 'पच्चीस', शेवटी शाळेतील 'इप्पत्तैदु'. दशक-एकक हाताला कळले की नाव कोणत्याही भाषेत बसते. यासाठी आईला कन्नड अक्षर येण्याची गरज नाही.

वाचनाचेही तसेच आहे. देवनागरी व कन्नड लिप्यांची वळणे भिन्न, पण वर्णमालेचा क्रम बहुतांशी एकच आहे; कन्नडमध्ये ऱ्हस्व ए-ओ तेवढे अधिक. मराठी शिकलेल्या आजीची बाराखडी म्हणूनच नातवाच्या कन्नड 'कागुणित'ला उपयोगी पडते. निरक्षर पालकही घरच्या बोलीत गोष्ट सांगून, 'पुढे काय झाले?' असे विचारून वाचनाला लागणारी समज वाढवू शकतात.

महाविद्यालयीन अध्यापकांना येथे मोठे काम आहे. वाडी-वस्तीवरून येणारे विद्यार्थी दोन्ही भाषा जाणतात. सेवा योजनेच्या शिबिरांत त्यांच्यामार्फत ही रीत पालकांपर्यंत नेता येईल. २५ च्या जागी ५२ लिहिणारे मूल 'गणितात कच्चे' ठरवले गेले तर ती खूण पुढे वर्षानुवर्षे पुसत नाही. असा शेरा मारण्यापूर्वी त्याने कोणत्या भाषेत मोजले, एवढे विचारले तरी पुष्कळ मुले शाळेत टिकतील.