वास सिमेंटचा

2009 साली एक विलक्षण चाचणी प्रसिद्ध झाली. हाडं ठिसूळ होऊन मणका दबलेले 131 रुग्ण. साधारण निम्म्यांच्या मणक्यात सुईवाटे सिमेंट भरलं. (बांधकामाचं नव्हे, दातांची कवळी ज्या ॲक्रिलिकची करतात, त्याच जातीचं.) उरलेल्यांच्या पाठीत फक्त भुलीचं औषध टोचलं, पाठ दाबली आणि खोलीत त्या रसायनाची बाटली नुसती उघडली. उग्र दर्प सुटला, की पालथ्या पडलेल्या माणसाला वाटावं, भरताहेत आता सिमेंट! महिन्याने दुखणं विचारलं, तर दोन्ही गटांत फरक जवळजवळ नव्हताच. त्याच अंकात छापलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीचाही निष्कर्ष असाच होता.

दबलेला मणका बहुतेकदा दोन-तीन महिन्यांत आपला आपण सांधतो. गेलेली उंची परत येत नाही, कळ मात्र ओसरते. म्हणून आधी वेदनाशामक, थोडी विश्रांती आणि जमेल तितक्या लवकर चालणं. पडून राहिलं की हाडं आणखी विरळ होतात. दुखणं हटतच नाही अशा निवडक रुग्णांना सिमेंट आजही भरतात. त्यावरून डॉक्टरांत वाद आहेच.

मला खरं नवल वाटतं ते हाडं भरून काढणाऱ्या टेरिपॅराटाइड या औषधाचं. मानेत पॅराथायरॉइड नावाच्या इवल्याशा ग्रंथी असतात. त्यांचं संप्रेरक रक्तात सतत जास्त राहिलं, तर ते हाडं पोखरतं. त्याच संप्रेरकाच्या साखळीतले 84 पैकी पहिले 34 दुवे, म्हणजेच टेरिपॅराटाइड, दिवसातून एकदाच टोचले, तर नवं हाड बांधलं जातं! सदा मुक्काम ठोकला तर घर पाडणारा, रोज घटकाभर आला तर गवंडी.

पण औषधाची वेळ येणार कधी? मणक्याच्या अशा तीन अस्थिभंगांपैकी सुमारे दोन कुणाच्या ध्यानातच येत नाहीत. बादली उचलताना ‘उसण भरली’ म्हणायचं, बाम चोळायचा, विषय संपला. इकडे, पाळी थांबलेल्या ज्या बायकांचा मणका नुकताच दबलेला असतो, त्यांच्यातल्या पाचांपैकी साधारण एकीचा वर्षाच्या आत आणखी एक दबतो.

आईच्या साडीच्या निऱ्या हल्ली जमिनीवर लोळतात का, बघा. तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटरनं घटली असेल, तर डॉक्टरांना सांगून पाठीचा एक्स-रे काढून घ्या.