काळ्या रानातले बिऱ्हाडकरू

पिकाची नासाडी दिसली की आपण एकच नाव घेतो: उंदीर. नांदेड-लातूरच्या काळ्या रानात या एका नावाखाली कितीतरी वेगळे प्राणी नांदतात, आणि प्रत्येकाची राहणी निराळी. भारतात कृंतकांच्या, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या, शंभरच्या आसपास जाती आहेत. त्यांतली कुठली कोणत्या शिवारात, कोणत्या हंगामात आणि कशावर जगते, याचा शोध घेणं ही एक स्वतंत्र विद्या आहे. तिच्याकडे आपण फार कमी लक्ष दिलं.

लहान घूस ओलिताची सोबतीण. ऊस, केळी, भुईमुगात तिचं बीळ सहज ओळखू येतं. तोंडाशी भुसभुशीत ताज्या मातीचा ढीग असतो आणि ती आत गेली की तोंड आतून बुजवते. खोदलं तर कोठारात कणसं, शेंगा साठवलेल्या सापडतात. जर्बिल या रानउंदराला मात्र कोरडवाहू रान आणि धुरा आवडतो. त्याच्या लांब शेपटीच्या टोकाला काळसर झुपका असतो. मऊ केसांचा शेतउंदीर उन्हाळ्यात जमिनीला पडलेल्या भेगांत मुक्काम करतो. पहिल्या पावसांनी भेगा मिटल्या की त्याला नवी जागा शोधावी लागते. किनवट-माहूरच्या सागवानी डोंगरात तर शेतीपेक्षा वेगळं जग आहे. तिथली यादी वेगळीच करावी लागेल.

हे ओळखायचं कसं? संध्याकाळी घडीचे शर्मन सापळे ओळीने लावतात, आत शेंगदाण्यासारखं आमिष ठेवतात आणि उन्हं चढण्याआधी ते तपासतात. हातमोजे घालून वजन, शेपटी, कान, मागचा पाय मोजतात. मग तळवा उलटून पाहतात. घरच्या काळ्या उंदराच्या मागच्या तळव्यावर सहा गाद्या असतात, मऊ केसांच्या उंदराला चार किंवा पाच. जर्बिलच्या वरच्या पटाशीच्या दातांवर उभी खाच असते. नोंद झाली की प्राणी सोडून देतात. संख्येचा अंदाज घ्यायची आणखी एक साधी रीत आहे: संध्याकाळी सगळी बिळं बुजवायची आणि सकाळी उघडलेली तेवढी मोजायची. गव्हाणी घुबडाने ओकून टाकलेले गोळे पाण्यात भिजवले, तर सापळ्यात न आलेल्यांच्या कवट्याही मिळतात.

अशा नोंदींची परंपरा जुनी आहे. दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३१ मध्ये प्रसिद्ध केली. मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेने पुढे देशभर सस्तन प्राण्यांची पाहणी केली, तिचा पहिला अहवाल खानदेशचा होता. इतका जुना वारसा आपल्या दाराशी आहे.

या माहितीची किंमत मराठवाड्याने एकदा जवळून पाहिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंप झाला. वर्षभराने, १९९४ मध्ये, शेजारच्या बीड जिल्ह्यात मामला गावी प्लेगचे रुग्ण आढळले. त्याआधी गावात उंदीर मरून पडू लागले होते, पिसवाही वाढल्या होत्या. भूकंपानंतर सोडलेल्या घरांत राहिलेल्या धान्यावर उंदीर वाढले, असं एक स्पष्टीकरण तेव्हा पुढे आलं. प्लेगचे जंतू रानातल्या जर्बिलसारख्यांत टिकून राहतात, तिथून पिसवांमार्फत घरच्या उंदरांत येतात आणि ते मेले की पिसवा माणसाकडे वळतात. ही साखळी समजून घ्यायची, तर कुठला उंदीर कुठे आहे, हे आधी माहीत हवं.

उंदीर मारायच्या झिंक फॉस्फाईड या विषाचंही तसंच आहे. बिनविषाचं आमिष दोन-तीन दिवस खाऊ घालून मग विष द्यायचं, हा नियम आहे. घाईने सरसकट टाकलेलं विष मेलेल्या उंदरातून उंदीर खाणाऱ्यांपर्यंतही पोहोचू शकतं आणि आपलाच राखणदार जातो. घुशीचं बीळ कुठलं, हे ओळखणारा शेतकरी विष नेमक्या ठिकाणी आणि कमी टाकतो.

नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ सालीच स्थापन झालं. त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना एक विनंती आहे: आपल्या तालुक्यातलं एक शिवार निवडा, पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असे तीनदा सापळे लावा आणि नोंदवही, कवट्या जपून ठेवा. हे काम दहा वर्षं न खंडता करा.