नंबर कितवा?

गेल्या वर्षी पावसाळ्यात आंतरमहाविद्यालयीन क्रॉसकंट्री स्पर्धेत मी आपल्या महाविद्यालयाच्या संघातून धावले. रात्रभर पाऊस झालेला, वाट निसरडी, आणि शेवटचा चढ तर जीव काढणारा. मी तेविसावी आले. संध्याकाळी वसतिगृहातून घरी फोन केला, तेव्हा आजीने पहिलाच प्रश्न विचारला, "नंबर आला का?"

"तेविसावा," मी म्हटले.

आजी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "म्हणजे नाही आला."

आजीचे काही चुकले नाही. आपल्याकडे नंबर येणे याचा अर्थ पहिल्या तिघांत येणे असाच आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून आपण तेच पाहत आलो. पण त्या रात्री मला झोप लागेना. पहाटे पाचला उठून मैदानावर जायचे, मग तास, मग ग्रंथालय, आणि शेवटी पदरात काय? तर तेविसावा नंबर! त्यापेक्षा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला लागावे, बूट माळ्यावर टाकावेत, असे मनाने घेतले. खोलीतल्या मैत्रिणीने त्यात भर घातली. ती म्हणाली, "अगं, तुमच्याकडची ती कविता राऊत ऑलिंपिकला गेली होती ना? तिथे ती एकशेविसावी आली. मग तुझे काय घेऊन बसलीस!"

तिने ते सहज म्हटले, पण मला ते लागले. मी पेठ तालुक्यातली. कविताताईंचे सावरपाडा हरसूलजवळ, म्हणजे आमच्या शेजारचेच. लहानपणी 'सावरपाडा एक्सप्रेस' हे नाव ऐकूनच आम्ही मुली बांधावरून धावत सुटायचो. तेव्हा हा एकशेविसावा क्रमांक म्हणजे नेमके काय, हे शोधावे म्हणून मी ग्रंथालयात बसू लागले. त्यातून जे हाती आले, ते या लेखात मांडत आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात आली, ती ही की पहिले तीन क्रमांक हा काही निसर्गाचा नियम नाही. माणसांनी तो ठरवला आणि वेळोवेळी बदललाही. प्राचीन ग्रीसमध्ये ऑलिंपियाचे सामने इसवी सनापूर्वी ७७६ पासून नोंदले गेले. तेथे ऑलिव्हच्या डहाळीचा मुकुट एकट्या विजेत्याला मिळे. दुसऱ्याला काहीच नाही, तिसऱ्याचे तर नावही उरत नसे. पुढे फ्रान्सच्या बॅरन पिअर द कुबर्तँ यांच्या प्रयत्नांतून १८९६ साली अथेन्सला आधुनिक ऑलिंपिक सुरू झाले. त्या वेळी पहिल्याला रौप्यपदक आणि दुसऱ्याला कांस्यपदक देण्यात आले. तिसऱ्याची पाटी कोरीच! सुवर्ण, रौप्य, कांस्य ही आज आपल्याला पाठ असलेली उतरंड १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकपासून रूढ झाली.

हे वाचताना मला खाशाबा जाधव आठवले. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनला गेला. मातीत वाढलेल्या या पैलवानाला तेथे गादीवर लढावे लागले, तरी फ्लायवेट गटात तो सहावा आला. सहावा म्हणजे आजीच्या भाषेत नंबर न आलेलाच. पण चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. महाविद्यालयाच्या अंकात तरी ती पुन्हा सांगायलाच हवी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास ७२ वर्षे लागली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. आपल्या दृष्टीने विशेष म्हणजे स्वप्नीलच्या नेमबाजीची घडण नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली.

वाचकहो, दोघेही तिसरे! अथेन्सचा १८९६ चा नियम कायम राहिला असता, तर महाराष्ट्राच्या खात्यावर यांपैकी एकही पदक नसते. माणसे तीच, कष्ट तेच, लढती त्याच; फक्त रेघ कोठे मारायची एवढाच प्रश्न.

आता मॅरेथॉनकडे वळू. पहिल्या ऑलिंपिकची मॅरेथॉन स्पिरिडॉन लुईस या ग्रीक तरुणाने जिंकली. तो मारूसी गावचा, आणि धंदा पाणी वाहण्याचा. आमच्या भागात उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन कोस-कोस चालणाऱ्या बायका मी रोज पाहिल्या आहेत. त्यामुळे ऑलिंपिकमधला पहिला मॅरेथॉन विजेता पाणक्या होता, हे वाचून मला तो एकदम ओळखीचा वाटला. त्या वेळी अंतर सुमारे ४० किलोमीटर होते. आजचे ४२ किलोमीटर १९५ मीटर हे माप १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून आले. लुईसला २ तास ५८ मिनिटे ५० सेकंद लागले.

आपल्याकडे ही शर्यत पोचली ती पुण्यामार्गे. डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत १९१९ साली सर दोराबजी टाटा यांनी काही शेतकरी तरुणांना लांब पल्ल्याच्या शर्यतीत अनवाणी धावताना पाहिले. ना शास्त्रशुद्ध सराव, ना तसा आहार. तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जात होत्या. भारताने ऑलिंपिकला संघ पाठवावा हा विचार तेथून पक्का झाला आणि १९२० साली एक छोटा संघ बेल्जियममधील अँटवर्पला गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. त्या वर्षी मॅरेथॉनचे अंतर नेहमीपेक्षा जास्त, ४२.७५ किलोमीटर होते. चौगुले यांनी ते २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत तोडले आणि ते एकोणिसावे आले. त्याच संघातले कुस्तीगीर रणधीर शिंदेस यांचे पदक थोडक्यात हुकले. ते चौथे आले. या दोघांची नावे आपल्यापैकी किती जणांनी ऐकली आहेत? मीही या लेखाच्या निमित्तानेच प्रथम वाचली. 'नंबर न आलेल्यांची' अशीच गत होते.

स्त्रियांची वाट तर याहून बिकट होती. १९२८ साली ॲमस्टरडॅमला प्रथमच स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत झाली. शर्यतीनंतर काही जणी थकून गेल्या, याचा मोठा गवगवा करण्यात आला, आणि एवढे अंतर बायकांना झेपत नाही असे ठरवून ती शर्यतच काढून टाकली. ती परत यायला १९६० चे रोम ऑलिंपिक उजाडले. स्त्रियांची मॅरेथॉन तर १९८४ साली लॉस एंजेलिसला प्रथम झाली. म्हणजे पाणक्या लुईस धावला त्यानंतर तब्बल ८८ वर्षांनी! कविताताईंचा जन्म त्याच्या पुढच्या वर्षीचा, १९८५ चा.

सावरपाड्यासारख्या पाड्यावरच्या मुलीने धावणेच का निवडावे? याचे उत्तर सोपे आहे. या खेळाला मैदान लागत नाही, साहित्य लागत नाही, आणि बूट नसले तरी चालते. नाशिकला प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली त्या तयार झाल्या. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. राष्ट्रकुल स्पर्धेत धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्यांनी १०,००० मीटरमध्ये रौप्य आणि ५,००० मीटरमध्ये कांस्यपदक जिंकले. २०१२ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे त्या मॅरेथॉनकडे वळल्या आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंदांत सुवर्णपदक पटकावून रिओ ऑलिंपिकसाठी पात्र ठरल्या.

आणि मग १४ ऑगस्ट २०१६ चा तो दिवस. रिओला शर्यत सकाळी साडेनऊला सुरू झाली, उन्हाचा तडाखा होता. दीडशेहून अधिक जणी धावल्या. त्यांपैकी वीसहून अधिक जणींनी शर्यत अर्ध्यावर सोडली. कविताताईंनी सोडली नाही. २ तास ५९ मिनिटे २९ सेकंदांत त्या एकशेविसाव्या आल्या. स्वतःच्या गुवाहाटीतल्या वेळेपेक्षा वीस मिनिटांहून अधिक मागे पडल्या, हे लपवण्यात अर्थ नाही. तो दिवस त्यांचा नव्हता.

मी कागदावर एक साधे गणित मांडले. लुईसने सुमारे ४० किलोमीटर २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत तोडले, म्हणजे एका किलोमीटरला साधारण ४ मिनिटे २८ सेकंद. कविताताईंना त्या पडत्या दिवशीही एका किलोमीटरला ४ मिनिटे १५ सेकंदच लागले. सव्वाशे वर्षांपूर्वीचे रस्ते, बूट, सराव हे सारे वेगळे होते, त्यामुळे ही तुलना फार ताणू नये हे मला कळते. पण ज्या वेगाने एकेकाळी जग जिंकता येत होते, त्याहून अधिक वेगाने आमच्या शेजारच्या पाड्यावरची मुलगी तिच्या सर्वांत वाईट दिवशी धावली, एवढे तरी त्या गणिताने सिद्ध होते.

त्याच रिओला नाशिक जिल्ह्यातला आणखी एक खेळाडू होता. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. चांदवड म्हणजे टँकरची वाट पाहणारा तालुका, आणि दत्तूचा खेळ कोणता, तर नौकानयन! लहान वयातच त्याने वडिलांबरोबर दगड फोडण्याची आणि विहिरी खोदण्याची कामे केली. पाणी लागावे म्हणून जमीन खोदणारा हा मुलगा वडिलांच्या निधनानंतर २०१२ साली सैन्यात दाखल झाला, आणि तेथे त्याच्या हाती प्रथमच वल्ही आली. अवघ्या चार वर्षांत, एप्रिल २०१६ मध्ये, दक्षिण कोरियातील पात्रता स्पर्धेत रौप्यपदक मिळवून तो ऑलिंपिकला पात्र ठरला.

या खेळाची एक गंमत आहे. अंतर २,००० मीटर. नावेतली बैठक रुळावर मागे-पुढे सरकते, आणि खरा जोर हातांपेक्षा पायांचा लागतो. आणखी विशेष म्हणजे खेळाडू पाठमोरा बसतो. त्याला शेवटची रेषा दिसत नाही. दिसते ते मागे टाकलेले पाणी. रिओला उपांत्यपूर्व फेरीत दत्तू चौथा आला, आणि पुढे जाणार होते फक्त तिघे. एका क्रमांकाने पदकाची वाट बंद झाली. पण नौकानयनात हरलेल्यांनाही घरी पाठवत नाहीत. पुढचे क्रमांक ठरवण्यासाठी 'ब', 'क', 'ड' अशा अंतिम फेऱ्या होतात. दत्तूने 'क' अंतिम फेरी ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत जिंकली आणि जगात तेरावा आला. त्या दिवसांत त्याची आई अपघातानंतर गंभीर आजारी होती. दोन वर्षांनी, २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत, चौघांच्या नावेत त्याने सुवर्णपदक मिळवले.

हे सारे वाचून झाल्यावर मी आमच्या क्रीडा शिक्षकांना क्रॉसकंट्रीचे नियम विचारले. तेव्हा कळले की सांघिक निकाल लावताना संघातल्या धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज करतात. ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी, तो पहिला. म्हणजे माझे तेवीस वाया गेले नव्हते. ते आपल्या महाविद्यालयाच्या बेरजेत होते. मी विसावी आले असते तर ती बेरीज तिनाने कमी झाली असती, आणि अर्ध्यावर सोडले असते तर माझ्या मागच्या मैत्रिणीचा मोठा आकडा त्या जागी बसला असता. तेवीस हा चांगला आकडा आहे, असे मी म्हणत नाही. पण तो खरा आकडा आहे आणि त्यातून वजाबाकी करता येते.

पदकाला किंमत नाही असेही मला म्हणायचे नाही. खाशाबांच्या कांस्यपदकाने महाराष्ट्राच्या पिढ्यान्‌पिढ्यांना बळ दिले आहे. पण कोण कितवा आला याबरोबर तो कोठून निघाला, हेही एकदा विचारावे, एवढेच माझे म्हणणे. चौगुले यांचा एकोणिसावा, दत्तूचा तेरावा आणि कविताताईंचा एकशेविसावा क्रमांक आपण विसरलो, तर पुढच्या पाड्यावरच्या मुलीला वाट आहे हे कळणार कसे?

असो. बूट माळ्यावर गेले नाहीत. या वर्षीही मी स्पर्धेसाठी नाव दिले आहे. दिवाळीत घरी गेले तेव्हा आजीला कविताताईंची शर्यत सांगितली. एकशेविसावा नंबर ऐकून ती विचारात पडली. मग म्हणाली, "तिच्या मागं कोणी होतं का?"

"होत्या की. आणि कित्येकींनी तर मधेच सोडलं."

आजीने चुलीतले लाकूड पुढे सारले आणि म्हणाली, "मग औंदा तू फोन करशील तवा नुसता नंबर सांगू नको. किती जणी होत्या, तेबी सांग."

(तृतीय वर्ष कला)