चमचा : नाव, चोच आणि उथळ पाणी

पक्ष्यांची मराठी नावे पुष्कळदा त्यांच्या रूपावरून पडलेली असतात. 'चमचा' हे त्यांपैकीच एक. संस्कृतातील 'दर्वी' म्हणजे पळी. त्यावरून या पक्ष्याला 'दर्विमुख' असेही म्हणतात. 'चमचा' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. (त्याला पुढे चिकटलेल्या 'खुशामतखोर' या अर्थाशी पक्ष्याचा काही संबंध नाही.) दोन्ही नावे चोचीचा आकार सांगतात, तो आकार कशासाठी, हे मात्र सांगत नाहीत.

चोपडा परिसरातील विद्यार्थ्यांना हा पक्षी पाहण्यासाठी जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. भुसावळजवळ तापीवर हतनूर धरण आहे. तापी-पूर्णा संगमाच्या या जलाशयात हिवाळ्यात तो आढळतो. दुरून तो बगळ्यासारखा वाटतो. परंतु बगळा उडताना मान आखडून घेतो, तर चमचा ती पुढे ताणतो. खरा भेद चरण्यात आहे. बगळा स्तब्ध उभा राहून नजरेने सावज हेरतो. चमचा सतत चालत असतो. अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून ती कोयत्याप्रमाणे डावीकडून उजवीकडे फिरवत जातो. चोचीच्या आतील भाग स्पर्शाला अतिशय संवेदनशील असतो. मासोळी, किडा वा बेडूकमासा लागताच चोच मिटते. त्यामुळे गढूळ पाण्यातच नव्हे, तर रात्रीही त्याला चरता येते. थापट्या बदकाची चोचही चपटीच. पण ते तिने पाणी गाळून अन्न मिळवते. आकार सारखा, काम निराळे. चमच्याच्या पिलांची चोच आरंभी आखूड असते आणि वाढीबरोबर चपटी होत जाते.

या रीतीमुळेच चमच्याला जेमतेम वीतभर, फार तर गुडघ्याएवढे पाणी लागते. धरणाचा खोल मध्यभाग त्याच्या उपयोगाचा नाही. त्याचे जगणे काठावर, गाळावर पसरलेल्या पातळ पाण्यावर अवलंबून आहे. नाशिक जिल्ह्यातील नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यात गाळ साचून अशाच उथळ जागा तयार झाल्या, आणि तीच पाणथळ महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरली. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात मात्र गाळ म्हणजे घटलेला पाणीसाठा. शिवाय आपल्याकडे पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. काठ एकच, शेतकऱ्याला त्यावरचे पाणी पुरते हटलेले हवे असते आणि चमच्याला ते वीतभर उरलेले.