वसंतातील गृहोद्यान

युरोपीय ग्रंथांतील वसंत हिम वितळल्यावर अवतरतो. छत्तीसगडातील भिलाईस हिम कोठले? तेथील पोलाद-नगरीत घरापुढील वाफ्यांतून फेब्रुवारीत पिटुनिया व फ्लॉक्स बहरतात, त्यांचे बी ऑक्टोबरच्या सुमारास पेरलेले असते. वैशाखाचा वणवा पेटण्यापूर्वी फुलून बी धरणे, एवढाच त्यांचा जीवनक्रम.

ऋतू पालटल्याचे वनस्पतीस कळते कसे? कित्येक वनस्पती दिवसाच्या लांबीनुसार फुलतात, असे गार्नर व ॲलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये दाखविले. पुढे आढळले की, त्या खरोखर मोजतात ती रात्र. प्रकाश टिपणारे त्यांच्या अंगचे रंगद्रव्य १९५९ मध्ये हाती लागले. योगायोग असा की, भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटनही त्याच वर्षी ४ फेब्रुवारीस झाले. दीर्घ रात्री मानवणारी शेवंती म्हणूनच हिवाळ्यात फुलून वसंतात ओसरते. तिच्या कुंडीवर ओसरीतील दिव्याचा प्रकाश रात्रभर पडत राहिला, तर कळ्या धरण्यास विलंब लागतो. पिटुनियास मात्र वाढता दिवस अनुकूल असतो.

मोगऱ्याची तऱ्हा निराळी. त्यास ऊब हवी, आणि फुले येतात ती नव्या फुटीवर. यास्तव हिवाळ्यात त्याचे पाणी तोडून जानेवारीच्या सुमारास छाटणी करतात. मग खत घालून भरपूर पाणी देतात. मार्चमध्ये कळ्या दिसू लागल्यावर झुडूप नीटनेटके करण्याच्या हौसेने जो कात्री चालवितो, त्याचा पहिला बहर हातचा जातो.